आभाळातून पडलेले कारभारी

माझी नात ईशा हल्ली मला क्षमा करायला शिकवते आहे. तिच्या ऑफिसात कोणी बाई येतात, सगळ्यांना डोळे मिटायला लावतात आणि ज्यांनी आपलं वाईट केलं त्यांना मनातल्या मनात सोडून द्या म्हणून सांगतात. "आज्जी, फरगिव्ह केलं ना की आपल्यालाच लाइट वाटतं, बीपीसुद्धा खाली येतं," हे ती मला खराडीच्या या अकराव्या मजल्यावर, कानातलं यंत्र न काढता, समोरच्या पडद्यावर कोणाला तरी हात हलवत सांगते. मी आज्ञाधारकपणे डोळे मिटते. मिटल्या डोळ्यांपुढे तात्यासाहेब येतात. त्यांची ती चांदीच्या मुठीची काठी येते, जरीकाठी उपरणं येतं, आणि माझं बीपी होतं तिथेच राहतं. त्यांना जाऊन आता इतकी वर्षं झाली की त्यांच्यावर राग धरणारी मी एकटीच उरले असेन. त्यांच्या पतवंडांनासुद्धा त्यांचं नाव पटकन सांगता यायचं नाही. मला येतं. माझ्या आईला त्यांनी भर शाळेत, मुलींच्या रांगांपुढे, दारातून परत पाठवलं होतं आणि मी त्या रांगेत उभी होते. ते मी सोडून देणार नाही. ईशाच्या बाईंना तसं कळवायला माझी हरकत नाही.

तेव्हा आम्ही पेठेत रसूलचाचांच्या कल्हईच्या दुकानावर, माडीवरच्या दोन खोल्यांत राहायचो. खाली दिवसभर भाता फुसफुसायचा. तापलेल्या पातेल्यात नवसागर पडला की चर्र आवाज होऊन पांढरा धूर जिन्यातून थेट आमच्या स्वयंपाकघरात यायचा. पाहुण्यांना ठसका लागायचा, आम्हाला त्याचं काही वाटत नसे. तुमचं वरणसुद्धा धुरकट लागतं असं माझी वाईची मावशी म्हणायची आणि वर पुन्हा वाढून घ्यायची. वडील छापखान्यात खिळे जुळवायचे. शिशाची उलटी अक्षरं एकेक वेचून ओळ बांधायची, असलं डोळेफोडीचं काम. त्यात त्यांना बारीक टाइप दिसेनासा झाला आणि मालकांनी त्यांना गठ्ठे बांधायला बसवलं. तेव्हापासून घर चालायचं ते आईवर. आई आमच्याच पेठेतल्या मुलींच्या शाळेत शिक्षिका होती. लग्न झालेली, लेकुरवाळी बाई रोज सकाळी चपला घालून, छत्री घेऊन कामाला निघते हे बघायला लोक खिडकीत उभे राहत असा तो काळ. आई जाता जाता एकेका खिडकीकडे बघून मान हलवायची, त्यांचीच हजेरी घेतल्यासारखी.

तिच्याकडे चौथीचा वर्ग होता. चौथीची परीक्षा घ्यायला बाहेरची माणसं यायची आणि शाळेची अब्रू त्या एका वर्गावर टांगलेली असायची. आईच्या मुली कधी नापास झाल्या नाहीत. खालच्या ठोकाठोकीवर आवाज चढवून बोलायची सवय लागल्यामुळे तिला वर्गात छडी लागायची नाही, नुसतं नाव घेतलं तरी शेवटच्या बाकावरची मुलगी ताठ बसायची. घरी आल्यावर एका हाताने पिठलं ढवळायचं आणि दुसऱ्या हाताने मुलींच्या वह्या तपासायच्या, हे तिचं रोजचं. पुष्कळ वह्यांवर बेसनाचे थेंब असायचे आणि त्या मुलींच्या आया ते कौतुकाने एकमेकींना दाखवायच्या. खडूने तिच्या उजव्या हाताची बोटं बारा महिने उललेली असत. रात्री जेवणं झाली की ती दिव्यापाशी बसून त्यांना कोकमाचं तेल चोळायची आणि मी तिच्यासमोर बसून कविता म्हणायची. मी तिच्याच वर्गात होते. वर्गात तिला आई म्हणायचं नाही, बाई म्हणायचं, असा नियम होता. तो मोडला तर ती ऐकूच आलं नाही असं दाखवायची.

त्या वर्षी आईला दिवस गेले. तिचं तिसरं बाळंतपण, मधलं एक मूल गेलेलं. पोट दिसायला लागलं तरी ती शाळेत जात होती, कारण न जाऊन चालणार नव्हतं. तात्यासाहेब शाळेच्या कमिटीचे चिटणीस. शाळेतल्या कोणत्या बाईला ठेवायचं, कोणाला काढायचं, घंटा कोणत्या सुताराकडून टांगून घ्यायची, सगळं त्यांच्या हातात. आईने रीतसर जाऊन त्यांना विचारलं, तेव्हा ते म्हणाले, "खुशाल जा, बाई. बाळंतपण आटोपून या. जागा तुमचीच आहे." भल्या माणसासारखं म्हणाले. आईने विश्वास ठेवला. आषाढात माझा भाऊ झाला आणि गणपती उठल्यावर, बाळ जरा मान धरायला लागल्यावर, आई पहिल्यासारखी वेणी घालून, छत्री घेऊन माझ्याबरोबर शाळेत निघाली. बाळाला हमीदाबींपाशी, म्हणजे रसूलचाचांच्या बायकोपाशी ठेवलं होतं. त्या दिवशी आई रस्त्याने गुणगुणत होती. आई गुणगुणणारी बाई नव्हती.

आम्ही पोहोचलो तेव्हा प्रार्थना नुकतीच संपली होती आणि मुली रांगेत उभ्या होत्या. मी पळत जाऊन रांगेत शिरले. तात्यासाहेब पायरीवर काठी टेकून उभे होते, आणि आमच्या वर्गाच्या दारात, हातात हजेरीपट घेऊन, त्यांची भाची यमू उभी होती. नुकतीच कुठेतरी ट्रेनिंग घेऊन आलेली पोरगी. आईने तिच्याकडे बघितलं, मग तात्यासाहेबांकडे.

"या बाई," तात्यासाहेब म्हणाले. "सुटका झाली म्हणे नीट. छान झालं. आता घरीच राहा."

"मी रुजू व्हायला आले आहे," आई म्हणाली. "जागा माझीच आहे असं आपणच म्हणाला होतात."

"म्हणालो असेन. बाई, ही शाळा आहे, बाळंतिणीची खोली नव्हे. खरं म्हणजे तुम्ही ते पोट घेऊन फळ्यापाशी उभ्या राहत होता तेव्हाच मी बोलायला हवं होतं. लहान मुली आहेत. तुमच्याकडे बघून काय शिकतील त्या? लाज म्हणून काही आहे की नाही?"

हे त्यांनी हळू आवाजात म्हटलं असतं तरी चाललं असतं. त्यांनी ते सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हटलं, आमच्यावर संस्कार व्हावेत म्हणून. पहिलीच्या मुलींपासून चौथीच्या मुलींपर्यंत सगळ्या रांगा आईच्या पोटाकडे बघायला लागल्या. आई काही बोलेल असं मला वाटलं. तिच्या तोंडाला लागायची पेठेत कोणाची छाती नव्हती. पण आई नुसतं "बरं" म्हणाली, पदर खांद्यावरून पुढे घेतला आणि गेली. छत्री पायरीपाशी राहिली. मी ती दुपारी घरी नेली. दिवसभर त्या भाचीने आम्हाला कविता शिकवली आणि मी तिच्याकडे पाहिलं नाही. मी तात्यासाहेबांच्या पाठीकडे बघत बसले होते, ऑफिसच्या दारातून ती दिसायची. माणसाची पाठ इतकी किळसवाणी असू शकते हे मला त्या दिवशी समजलं.

नंतरच्या दिवसांचं काय सांगू. आई रोज ठरल्या वेळेला उठायची, आंघोळ करायची, स्वच्छ लुगडं नेसायची, वेणी घालायची आणि मग जायला जागाच नाही म्हणून तांदूळ निवडायला बसायची. एकच तांदूळ ती पुन्हा पुन्हा निवडायची. बाबा गठ्ठ्यांच्या दोरीने हात सोलवटून यायचे आणि तिच्याशी बोलायला घाबरायचे. ताटात पिठलं, आणि पिठल्याचं बेसन दिवसेंदिवस पातळ होत चाललेलं. घरमालकांचा माणूस जिन्याखाली उभा राहून बाबांना हाक मारायचा तेव्हा आई बाळाला उगाच थोपटायला लागायची. मी मनातल्या मनात तात्यासाहेबांना पुष्कळ वेळा मारलं. एकदा तर मी चाचांच्या दुकानातून मूठभर नवसागर उचलला आणि त्यांच्या जोड्यांत घालायला निघाले होते. आईने मला जिन्यातच पकडलं.

"त्याने काय होईल?" तिने विचारलं.

"पाय भाजतील."

"मग ते नवे जोडे घेतील, आणि तू चोर ठरशील. ठेव जागेवर." मग म्हणाली, "मलाही त्यांना सोडायचं नाहीये, कुसुम. पण घाई नको."

हे वाक्य ऐकून मला इतकं बरं वाटलं की मी नवसागर ठेवून आले, हात धुतले आणि पोटभर जेवले. आई खचली असं मला वाटत होतं. ती नुसती घाव घालायला जागा शोधत होती.

ती जागा हमीदाबींनी दाखवली, तीही नकळत. रोज सकाळी त्या पाय पसरून बसायच्या आणि पायांवर बाळाला घेऊन न्हाऊ घालायच्या. आई पाणी ओतायची. एका सकाळी हमीदाबींना शाळेची आठवण झाली आणि त्या एकदम तापल्या. "काय हो बाई, त्या माणसाला काय आई नव्हती? पोटाची लाज वाटते म्हणे. हा काय आभाळातून पडला, टपकन?" आई पाणी ओतता ओतता थांबली. मग ती हसायला लागली. इतकी हसली की तिच्या हातातला तांब्या हलायला लागला आणि बाळाच्या नाकात पाणी गेलं. कित्येक दिवसांत पहिल्यांदा हसली. हमीदाबींना आपण काय एवढं बोललो ते कळेना.

नवरात्र तोंडावर आलं होतं. म्हणजे भोंडला. पाटावर हत्ती काढायचा, पाट मधोमध ठेवायचा आणि भोवती फेर धरून मुलींनी गाणी म्हणायची. शेवटी ज्या घरचा भोंडला असेल त्या घरची बाई झाकलेला डबा आणते आणि आत काय खिरापत आहे ते मुलींनी ओळखायचं. गेल्या वर्षी आमच्या सोसायटीत भोंडला झाला तेव्हा हत्ती छापील होता, गाणी मोबाईलवरून लागली होती आणि खिरापत म्हणून वेफर्स होते. ते ओळखायला फार बुद्धी लागली नाही. आमच्या मजल्यावरची अमरावतीची सून मला म्हणाली, "आमच्याकडे भुलाबाई असते, आज्जी, पण गाणी सेमच." गाणी सेम असतात, हे अगदी खरं. कारण ती कोणाचीच नसतात. कोणी केली, कधी केली, कोणाच्या सासूवर केली, विचारायची सोय नाही. मुली म्हणतात म्हणून ती असतात. सासऱ्याचे, दिराचे, नवऱ्याचे वाभाडे काढले तरी त्याबद्दल आजवर कोणी मुलीला बोललेलं नाही, कारण ते भोंडल्याचं गाणं. आईने हे बरोबर हेरलं होतं.

तात्यासाहेबांच्या भाचीला चौथीचं गणित झेपत नव्हतं. त्यामुळे वर्गातल्या पाच-सहा मुली संध्याकाळी गुपचूप आमच्या माडीवर यायच्या आणि आई त्यांना शिकवायची. नवरात्राच्या आदल्या दिवशी गणितं झाल्यावर आई म्हणाली, "एक जुनं गाणं आहे भोंडल्याचं. आमच्या वाईला म्हणतात. इकडे कोणाला येत नाही, म्हणून शिकवून ठेवते." माझ्या आईच्या तोंडून मी ऐकलेलं हे एकमेव खोटं. तिने ते वर्गात कविता सांगते त्याच आवाजात सांगितलं. मग टाळ्या वाजवत चाल धरली.

काठीवाले कारभारी कुठून आले, कुठून आले?
आभाळातून टपकन पडले, टपकन पडले.
नाळ त्यांची कापली कोणी? कावळ्यानं कापली.
न्हाऊमाखू घातलं कोणी? पावसानं घातलं.
पोट कोणाचं दुखलं गं? कोण्णाचंच नाही.
कारभाऱ्यांना बाई, आईच नाही.

मुली हसून हसून लोळल्या. काठीवाले कारभारी कोण हे कोणी विचारलं नाही. पेठेत चांदीच्या मुठीची काठी एकच होती. आतल्या खोलीत बाबा ऐकत होते. मुली गेल्यावर ते बाहेर आले, खाकरले आणि म्हणाले, "पाचव्या ओळीत अक्षर कमी पडतंय." आई म्हणाली, "पडू दे. मुली ओढून नेतील." त्या रात्री दोघं पुष्कळ दिवसांनी एकमेकांशी बोलत बसले होते.

गाणं दोन दिवसांत पेठभर झालं. मुलींना एवढं चटकदार गाणं मिळाल्यावर त्या कशाला थांबतात. एका घरच्या भोंडल्यातून दुसऱ्या घरी, या आळीतून त्या आळीत, मग दुसऱ्या पेठेत. बायका पदर तोंडाला लावून ऐकायच्या आणि मग स्वयंपाकघरात जाऊन हसायच्या. तात्यासाहेब रस्त्याने काठी टेकत निघाले की कुठल्यातरी माडीवरून हळूच "टपकन" असं यायचं. ते थांबून वर बघायचे. वर वाळत घातलेली लुगडी असायची. ते दृश्य मी आमच्या खिडकीतून दोनदा पाहिलं आहे. ईशा म्हणते, आज्जी, तू कसली डेंजर होतीस. होते.

मग तात्यासाहेबांच्याच घरून बोलावणं आलं. त्यांची मुलगी शरयू आमच्या वर्गात होती, तिचा भोंडला. दरवर्षी शरयू तिच्या मनातल्या मैत्रिणींना बोलवायची. या वर्षी तिच्या आईने, माईंनी, वर्गातल्या सगळ्या मुलींना बोलावलं होतं आणि माझं नाव घेऊन सांगून पाठवलं होतं की बाईंच्या मुलीने आलंच पाहिजे. माई कधी कोणाशी फारसं बोलताना दिसायच्या नाहीत. त्या घरातलं पहिलं मूल त्यांनी फार लहान वयात जन्माला घातलं होतं, त्यानंतर बरीच, आणि जगली त्यातली तीन. एवढंच आम्हाला माहीत होतं. मी आईला विचारलं, जाऊ का. आईने माझ्या वेणीला शेवंतीची फुलं माळली आणि म्हणाली, "जा. मोठ्याने म्हण."

त्यांच्या घरी मागे फरसबंद अंगण होतं आणि अंगणाला लागून बैठकीची खोली. बैठकीत त्या दिवशी कमिटीची मंडळी जमली होती, त्यांच्या पगड्या-टोप्या खिडकीतून दिसत होत्या. माईंनी नेमका तोच दिवस धरला होता हे मला फार मागाहून कळलं. फेर सुरू झाला. नेहमीची गाणी झाली. ते गाणं इथे सुरू करायचं धाडस माझ्याच्याने होईना. ते केलं शरयूने. तिला बिचारीला गाण्याचा अर्थच लागला नव्हता, की लागला होता, देव जाणे. तिने खणखणीत आवाजात काठीवाले कारभारी उचललं आणि सगळ्या फेराने ते झेललं. बैठकीतलं बोलणं थांबलं. "नाळ त्यांची कापली कोणी" येईपर्यंत तात्यासाहेब अंगणाच्या दारात येऊन उभे होते, हातात काठी, चेहरा पिवळा. मुलींचे आवाज एकेक करून बंद पडले. खिडकीतून कमिटीची मंडळी बघत होती.

स्वयंपाकघराच्या दारातून माई आल्या. हातात झाकलेला पितळी डबा होता. त्यांनी नवऱ्याकडे पाहिलं नाही. "थांबलात का गं?" त्या म्हणाल्या. "मला आत नीट ऐकू आलं नाही. पहिल्यापासून म्हणा."

आम्ही पहिल्यापासून म्हटलं. मी इतक्या मोठ्याने म्हटलं की दुसऱ्या दिवशी माझा आवाज बसला. तात्यासाहेब जागचे हलले नाहीत. थांबवायचं तर गाणं आपल्यावरच आहे हे भर मंडळींत कबूल करावं लागणार, आणि न थांबवावं तर आपल्याच अंगणात आपली मुलगी आपल्याला आभाळातून पाडते आहे. एका म्हाताऱ्या सभासदांनी उपरण्यात तोंड घातलं, त्यांचे खांदे हलत होते. मी तात्यासाहेबांकडे अगदी रोखून बघत गात होते. रांगेत उभी असताना मी त्यांच्याकडे बघू शकले नव्हते, ते सगळं मी त्या सहा ओळींच्या वेळात भरून काढलं.

मग खिरापत. "तिखट की गोड?" "गोड." करंजी, शंकरपाळे, साटोऱ्या, बर्फ्या, मुलींनी सगळं म्हणून पाहिलं. माई मान हलवत राहिल्या. आम्ही हरलो तेव्हा त्यांनी झाकण काढलं. आत अळिवाचे लाडू होते. भोंडल्याला अळिवाचे लाडू कोणी करत नाही. एक मुलगी म्हणालीच, "अय्या, हे तर बाळंतिणीचे."

"हो," माई म्हणाल्या. "या घरात मी पुष्कळ खाल्लेत. तेव्हा कोणाला लाज वाटली नव्हती." त्यांनी हे डब्याकडे बघून म्हटलं आणि मुलींच्या हातावर एकेक लाडू ठेवला. माझ्यापाशी आल्यावर सगळा डबाच माझ्या हातात दिला. "आईला दे. म्हणावं, अंगावर पाजत्या बाईला चांगले असतात."

दुसऱ्या दिवशी शाळेचा शिपाई माडीवर आला आणि बाईंना कामावर बोलावलंय म्हणाला. बाबांचा चेहरा उजळला. आई म्हणाली, "मला शिपायाने काढलं नव्हतं. ज्यांनी काढलं त्यांनी यावं." बाबांना वाटलं, आता हातची गेली. अंगावरच्या पोराला घेऊन ही बाई ताठून बसली आहे, घरात पीठ नाही, आणि बोलावणं परत पाठवते. मलाही भीती वाटली, खोटं कशाला बोलू. पण संध्याकाळी जिन्यात काठीचा आवाज आला. रसूलचाचांनी नेमका तेव्हाच नवसागर टाकला, आणि जरा सढळ हाताने टाकला असावा, कारण तात्यासाहेब वर पोहोचले तेव्हा खोकून खोकून त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. आईने त्यांना पाणी दिलं. बसायला पाट दिला.

"सोमवारपासून या, बाई," ते म्हणाले.

"वर्ग कोणता?"

"चौथी. तुमचाच. यमूला दुसरी देतो."

"बाळ अजून अंगावर पितं. त्याला बरोबर आणीन. वर्गात झोळी बांधीन."

तात्यासाहेबांनी खालच्या धुराकडे, मग आईकडे बघितलं. "बांधा," ते म्हणाले. उठले, दारापर्यंत गेले आणि वळले. "आणि ते गाणं तेवढं बंद करा."

"कोणतं गाणं?"

"ते मुली म्हणतात ते."

"मुली पुष्कळ म्हणतात," आई म्हणाली. "आपण जरा म्हणून दाखवता का? म्हणजे मला कळेल." आतल्या खोलीत बाबा भिंतीकडे तोंड करून उभे होते. तात्यासाहेबांनी म्हणून दाखवलं नाही. ते खोकत खाली उतरले आणि आईने पाट उचलून ठेवला.

इथवर सांगितलं की ईशा म्हणते, "बघ, जॉब परत मिळाला, त्यांनी येऊन सांगितलं, क्लोजर झालं की." तिचं चुकत नाही. पगार सुरू झाला, पिठलं घट्ट झालं, घरमालकांचा माणूस जिन्याखाली दिसेनासा झाला. यमूताईसुद्धा दुसरीच्या वर्गात खूश होती, तिच्यावर माझा राग उरला नव्हता. पण तात्यासाहेबांनी आईला घालवलं ते मुलींच्या देखत आणि परत बोलावलं ते आमच्या माडीवर, चार भिंतींत. शाळेतल्या रांगांनी एवढंच पाहिलं होतं की बाई गेल्या आणि मग बाई आल्या. लाज कोणाची, हे अजून कोणी मुलींना सांगितलं नव्हतं. आई त्याबद्दल घरात अवाक्षर बोलली नाही. ती सोमवारी शाळेत गेली, वर्गाच्या मागच्या तुळईला जुन्या लुगड्याची झोळी बांधली, आणि शेवटच्या बाकावरच्या मुलींनी पाळीपाळीने दोरी ओढायची असा नियम केला.

दिवाळीनंतर तपासणी आली. शाळाखात्याचे डेप्युटीसाहेब वर्गावर्गांतून हिंडत होते, पिकल्या मिशांचे, शांत गृहस्थ, आणि त्यांच्याबरोबर तात्यासाहेब. आमच्या वर्गात दोन खुर्च्या मागे, झोळीच्या जवळ टाकल्या होत्या. खुर्च्या कोणी तिथे टाकल्या ते मला ठाऊक आहे, पण ते राहू दे. तपासणी म्हणून सगळ्या मुलींच्या मांडीवर पाट्या होत्या आणि दोरीवर कोणी नव्हतं. आई फळ्यापाशी गेली. तेवढ्यात झोळी हलली आणि माझा भाऊ कुरकुरायला लागला. मग रडायलाच लागला.

आईने खडू खाली ठेवला नाही. मागे वळून, आम्हाला हाक मारायची त्याच आवाजात ती म्हणाली, "तात्यासाहेब, आपण अगदी जवळ आहात. जरा दोरी ओढता का? मुलींचं गणित मोडेल."

तात्यासाहेबांनी डेप्युटीसाहेबांकडे पाहिलं. डेप्युटीसाहेब हसले. "ओढा, ओढा. आमच्या घरी हे काम माझ्याकडेच आहे."

काठी हातात धरून दोरी ओढता येत नव्हती. त्यांनी ती खुर्चीला टेकवून ठेवली, ती घसरून फरशीवर आपटली, आणि वर्गातली एकही मुलगी ती उचलायला उठली नाही. शरयूसुद्धा. तात्यासाहेबांनी दोरी हातात घेतली. झोळी पुढे गेली, मागे आली. चाळीसेक मुली पाट्या सोडून मागे वळून बघत होत्या आणि आईने आम्हाला एकदाही "पुढे बघा" म्हटलं नाही. बाळ गप्प झालं. हात थांबला की ते पुन्हा सूर धरायचं, की हात पुन्हा चालायचा.

आई फळ्याकडे वळली. तिने फळ्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत एक लांबलचक संख्या लिहिली, तिच्यापुढे भाजक मांडला, आणि त्या दिवशी तिने आम्हाला भागाकार फार सावकाश शिकवला.